बाळाचा निखळलेला खुबा : सुगीपर्यंत थांबू नये

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर, भाताच्या पेरणीची घाई चालू असताना, एक आजी आपल्या नातीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी पावणेदोन वर्षांची, गुटगुटीत व हसरी. तिला अंगणात चालवून दाखवीत आजी म्हणाल्या, "चालायला लागली तशी अशीच डुलत चालती, फादर. दुखतखुपत काय न्हाई तिला. एवढी सुगी होऊ दे, मग दवाखान्यात नेतो म्हणतोय तिचा बाप." पोरीचा डावा पाय टेकला की सारे अंग त्या बाजूला झुकत होते. त्यापूर्वी कोणा एका डॉक्टरांनी 'वाढता वाढता सरळ होईल' असे सांगून त्यांना परत पाठविले होते.

आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु अशी चाल आम्ही पूर्वीही पाहिली होती, व तिची किंमत पुढे एका सुनेला भात लावणीच्या चिखलात उभे राहून कशी मोजावी लागली हेही पाहिले होते. म्हणून आजींना आम्ही एवढेच विचारले की, आजी, सुगी कधी? त्या म्हणाल्या, नोव्हेंबरात. म्हणजे पाच महिने. अंगावरच्या पुष्कळ दुखण्यांना पाच महिन्यांचा उशीर झाला तर त्रास लांबतो इतकेच. या विकारात मात्र मुलाचे वय जसे पुढे सरकते तशी शस्त्रक्रिया मोठी होत जाते. ते कसे, हे आमच्या वाचकांना समजावे यासाठी हा लेख.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. कमरेच्या हाडात एक खोल वाटी असते, ती उखळ. मांडीच्या हाडाच्या टोकाशी गोळा असतो, तो त्या उखळीत बसतो व फिरतो. जन्माच्या वेळी गोळा व उखळीचा बराच भाग पक्क्या हाडाचा नसून कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या लवचीक पदार्थाचा असतो. पुढे दोघांनाही आकार येतो तो एकमेकांच्या संगतीने. गोळा उखळीत फिरत राहिला तर उखळ खोल व गोल होते, आणि खोल उखळीत गोळाही गोल राहतो. कोवळा भोपळा मडक्यात वाढविला तर मडक्याचा आकार घेतो, हे आपण जाणतोच. येथे मडकेही भोपळ्याबरोबर वाढत असते, एवढाच फरक. काही बाळांचा हा गोळा जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत उखळीच्या काठावर सरकतो, तर काहींचा पूर्ण बाहेर निसटतो. मग उखळ उथळ राहते, तिच्यात चरबी व दोरासारखे तंतू भरतात, आणि गोळा वर कमरेच्या हाडाच्या अंगाला जाऊन बसतो. पाय तेवढा आखूड दिसतो.

हजार जन्मांमागे साधारण एका बालकाचा खुबा असा पुरता निखळलेला असतो. थोडा सैल असणाऱ्यांची संख्या याहून अधिक, परंतु त्यातील बरेचसे पहिल्या काही आठवड्यांत आपोआप घट्ट होतात. मुलांपेक्षा मुलींमध्ये हा विकार कितीतरी पटीने जास्त आढळतो, उजव्यापेक्षा डाव्या बाजूला जास्त, आणि पहिलटकरणीच्या बाळात जास्त. आईबाप किंवा भावंडांपैकी कोणाला असेल तर शक्यता वाढते. आणि मूल पायाळू असेल तर विशेष जपावे. आपल्याकडे पायाळू माणसाचा पाय कमरेला लावला की उसण जाते असे म्हणतात. त्या समजुतीवर आम्ही काही बोलणार नाही. पण गर्भात पाय खाली करून बसलेल्या बाळाच्या स्वतःच्या खुब्यावर ताण पडतो, हे मात्र खरे. म्हणून पायाळू बाळ चालत्या पायांनी घरी आले तरी सहा आठवड्यांचे झाल्यावर त्याच्या खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, त्यामुळे पहिल्या चार-पाच महिन्यांत सोनोग्राफीच उपयोगी पडते.

हा विकार नजरेतून निसटतो याचे मोठे कारण असे की, बाळाला तो दुखत नाही. ते रडत नाही, दूध टाकीत नाही, रांगते आणि थोडे उशिरा का होईना पण चालतेही. आईनेच पाहायचे ते असे : लंगोट बदलताना दोन्ही मांड्या बाजूला सारख्या उघडतात का? बाळाला उताणे निजवून दोन्ही गुडघे उभे केले तर एक गुडघा खाली राहतो का? मांडीच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का? (वळ्यांचा फरक निरोगी बाळातही दिसतो, म्हणून तेवढ्यावरून घाबरू नये, मांडी न उघडणे हे लक्षण अधिक महत्त्वाचे.) चालू लागल्यावर एका बाजूचा विकार असेल तर मूल लंगडते किंवा त्या पायाच्या चवड्यावर चालते. दोन्ही बाजूंचा असेल तर फसगत सोपी, कारण दोन्ही पाय सारखेच आखूड. मूल बदकासारखे डुलत चालते, त्याचे पोट पुढे व कंबर आत गेलेली दिसते, आणि घरातले म्हणतात, कशी ठुमकत चालते बघा!

एक गोष्ट जुन्या माणसांसाठी. पूर्वी लंगडणारे मूल दिसले की लोक 'पोलिओ' म्हणून मोकळे होत, व पोलिओवर इलाज नाही म्हणून गप्प बसत. भारतातला पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हा आज लंगडणाऱ्या लहान मुलाच्या बाबतीत तो शब्द वापरून स्वस्थ बसण्यास जागा उरलेली नाही.

बाळ गुंडाळण्याविषयी येथेच सांगतो. बाप्तिस्म्याला आणलेली पुष्कळ बाळे आम्ही पाहतो. काहींचे पाय सरळ जोडून दुपट्यात इतके आवळलेले असतात की जणू ऊस बांधला आहे. बाळाचे पाय जन्मतः गुडघ्यात दुमडलेले व बाजूला उघडलेले असतात, आणि खुब्याला तीच स्थिती मानवते. हात व छाती खुशाल गुंडाळा, पाय मोकळे हलू द्या. न्हाऊ घालणाऱ्या बाईने पाय धरून ओढू नयेत, व बाळाला पायाला धरून उलटे तर मुळीच टांगू नये. जपानमध्ये बाळाचे पाय सरळ बांधण्याची रीत होती. १९७५ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी मोहीम काढून ती बंद करविली, तेव्हा या विकाराचे प्रमाण पूर्वीच्या मानाने फारच खाली आले. उलट आफ्रिकेतील मलावी देशात आया मूल पाठीशी पाय फाकवून बांधतात, आणि तेथे हा विकार क्वचितच आढळतो. आपल्या बायकांची मूल कडेवर घेण्याची पद्धत याच जातीची, व ती उत्तम आहे. पण निसटलेला गोळा केवळ कडेवर घेतल्याने परत बसत नाही, हेही लक्षात असावे.

आता उपचाराकडे वळू. जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत विकार कळला तर शस्त्रक्रियेची सहसा गरज पडत नाही. अर्नोल्ड पावलिक या चेक डॉक्टरांनी बनविलेला कापडी पट्ट्यांचा एक साज असतो. खांद्यावरून पायापर्यंत येणाऱ्या त्या पट्ट्या बाळाचे गुडघे दुमडलेले व मांड्या उघड्या ठेवतात. दोन-तीन महिन्यांत बहुतेक बाळांचा सांधा जागी बसतो. हा साज डॉक्टरांनीच बांधावा व आठवड्या-दोन आठवड्यांनी तपासावा. घरी सैल-घट्ट करू नये.

सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंत पट्ट्यांनी भागत नाही. मुलाला भूल देऊन, न कापता, गोळा हलक्या हाताने उखळीत बसवितात. जांघेतला एखादा ताठ स्नायू लहानशा छेदाने सैल करावा लागतो. सांध्यात औषध टोचून एक्स-रेवर पाहतात की गोळा खरोखर तळाशी पोहोचला की मध्ये काही अडकले आहे. बसला तर कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालून त्याला तेथे राखतात.

'हलक्या हाताने' हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला. सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाचे डॉक्टर आडोल्फ लोरेन्झ रक्त न काढता, हाताच्या जोराने खुबा बसविण्यासाठी जगप्रसिद्ध होते. १९०२ साली शिकागोच्या एका धनाढ्य कुटुंबाने आपल्या मुलीसाठी त्यांना अमेरिकेला बोलाविले होते. परंतु जोर लावून बसविलेल्या व पाय अतिशय फाकवून प्लास्टरात ठेवलेल्या पुष्कळ मुलांच्या गोळ्याचा रक्तपुरवठा पुढे तुटला आणि गोळा झिजून चपटा झाला. त्या अनुभवातून डॉक्टर शिकले. आपल्याकडचे हाड बसविणारे मात्र आजही पाय ओढून, मुरगाळून, पाला बांधून देतात. मनगट मुरगळले तर लोक त्यांच्याकडे जातात, ते आम्हाला ठाऊक आहे. बाळाचा खुबा कृपा करून त्यांच्या हाती देऊ नये.

दीड वर्ष उलटले, मूल चालू लागले, म्हणजे सहसा सांधा उघडून करावयाची शस्त्रक्रिया लागते. आजींची नात याच वळणावर होती. जांघेजवळ छेद घेऊन शल्यचिकित्सक सांध्याचे आवरण उघडतात. आत गोळ्याच्या वाटेत अडथळे असतात : उखळीत साठलेली चरबी, लांबट जाड झालेला तंतू, आत वळलेली उखळीची कड, आणि बाहेरून आवरणाला आवळून धरणारी एका स्नायूची दोरी. हे एकेक दूर करून गोळा तळाशी बसवितात व सैल झालेले आवरण पुन्हा घट्ट शिवतात.

पण उखळच उथळ असेल तर बसविलेला गोळा परत निसटेल. येथे कॅनडातील टोरंटो शहराच्या मुलांच्या रुग्णालयातील डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १९५७ साली एक शस्त्रक्रिया केली व १९६१ मध्ये ती प्रसिद्ध केली. उखळीच्या वर कमरेचे हाड आडवे कापायचे, खालचा भाग पुढे व बाहेर झुकवून उखळीचे छप्पर गोळ्यावर आणायचे, आणि पडलेल्या फटीत त्याच कमरेच्या काठाचा पाचरीएवढा तुकडा बसवून बारीक सळ्यांनी पक्का करायचा. नांगराच्या पाचरीची करामत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच उमगेल. लहान मुलाचे हाड काही आठवड्यांत जुळून येते, व मग सळ्या काढून टाकतात. साधारण दीड वर्षापासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत ही शस्त्रक्रिया उपयोगी पडते. पेंबर्टन व डेगा यांच्या नावांच्या अशाच दुसऱ्या पद्धती आहेत. कोणती निवडायची ते उखळ पाहून डॉक्टर ठरवितात.

मूल दोन-तीन वर्षांपुढे गेले की आणखी एक काम वाढते. गोळा इतका काळ वर राहिल्याने मांडीचे स्नायू आखडलेले असतात. ओढून खाली आणला तर गोळ्यावर भार येऊन रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. म्हणून मांडीचे हाड थोडे कापून आखूड करतात, हवे तर किंचित फिरवितात, व पट्टी आणि स्क्रूने जोडतात. हाड आखूड करण्याचे ऐकून पालक हबकतात, पण वाढत्या वयात ही उणीव पुष्कळ अंशी भरून निघते. पट्टी काढण्यासाठी पुढे एक छोटी शस्त्रक्रिया लागते.

आता हिशेब मांडून पाहा. तिसऱ्या महिन्यात कापडी पट्ट्या. दहाव्या महिन्यात भूल व प्लास्टर. दुसऱ्या वर्षी सांधा उघडणे, बहुधा कमरेचे हाडही. चौथ्या वर्षी सांधा, कमर व मांडी, तिन्ही. आणि सातआठ वर्षांपुढे, विशेषतः दोन्ही खुबे निखळलेले असतील तर, पुष्कळदा शल्यचिकित्सकच हात लावू नये असे म्हणतात, कारण सांधा आखडून मूल आहे त्याहून अधिक अडू शकते. प्रत्येक पायरीला यशाची खात्री आधीच्या पायरीहून कमी होते.

शस्त्रक्रियेत धोके नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. गोळा पुन्हा निसटणे, रक्तपुरवठा तुटून गोळा बिघडणे, जखमेत पू होणे, सांधा आखडणे, हे सर्व काही मुलांत घडते व एखाद्याला दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागते. रक्ताची गरज पडू शकते, तेव्हा घरचे एक-दोन धट्टेकट्टे पुरुष तयार असावेत. हे सारे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. चांगला डॉक्टर विचारल्याने रागावत नाही. पण तुलना करताना दुसरे पारडेही पाहावे. निखळलेला खुबा तसाच ठेवला तर तरुणपणी कंबर व गुडघा दुखू लागतो, आणि तिशी-चाळिशीत, संसाराच्या ऐन भरात, सांधा झिजून चालणे अवघड होते. ज्या बाईला दिवसभर वाकून रोप लावायचे, भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचे, तिला ही सजा फार कडक आहे. पोरीच्या लग्नाची चिंता करणाऱ्या आईबापांनी जखमेच्या व्रणाची चिंता करू नये. तो व्रण साडीखाली झाकला जातो. चाल झाकली जात नाही.

आजींच्या नातीची शस्त्रक्रिया जुलैत झाली. पहिली तारीख मात्र पुढे गेली. पहाटे पोर रडते म्हणून कोणीतरी तिच्या हातात बिस्कीट दिले. भूल देण्याआधी पोट रिकामे हवे, नाहीतर ओकारी श्वासनळीत जाऊन जिवावर बेतते. त्यामुळे परिचारिकेने सांगितलेल्या वेळेनंतर तोंडात काही जाऊ देऊ नये, आणि हे सोबत आलेल्या प्रत्येकाला बजावावे.

खरा कस लागतो तो प्लास्टरात. छातीखालपासून दोन्ही पायांवर येणारे हे प्लास्टर सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत राहते, आणि शेतकऱ्याच्या घरी ते सांभाळायचे म्हणजे सोपे नाही. त्या घरच्या सुनेने जे केले त्यातून आम्हीही शिकलो. तिने जुन्या लुगड्यांच्या घड्या करून प्लास्टरच्या खाली पाठीशी व गुडघ्यांशी टेकू दिला, डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवली, म्हणजे लघवी मागे प्लास्टरात न शिरता खाली उतरे. शी-शूच्या जागी लहान लंगोट प्लास्टरच्या कडेच्या आत खोचून वर मोठा बांधी, व दर दोन तासांनी, रात्रीही, हात लावून पाही. कडेला प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटविला होता. ओले झालेले प्लास्टर मऊ पडते, कुजका वास येतो आणि खाली कातडी सोलवटते.

दर तीन-चार तासांनी मुलीला कुशीवर किंवा पालथे करीत. दोन पायांमध्ये जी आडवी काठी असते ती धरून कधी उचलू नये. ती हँडल नव्हे. पायाची बोटे रोज सकाळ-संध्याकाळ पाहावीत : गुलाबी व उबदार असावीत, गुदगुल्या केल्या की हलावीत. निळी-पांढरी पडली, सुजली, पोर थांबेना अशी रडू लागली, ताप आला किंवा प्लास्टरातून घाण वास आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. खाज सुटते म्हणून आत फणी, काडी, विळ्याची मूठ काहीही घालू नये. पावडरही नको. आणि भरविताना गळ्याशी फडके धरावे. त्यांच्याकडे एकदा चपातीचा चुरा आत पडला व मुंग्या लागल्या. बिचारी पोर रात्रभर किंचाळली. त्यानंतर खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

दवाखान्यातून घरी नेण्याची सोयही आधी पाहावी. पाय फाकलेले मूल रिक्षात नीट मावत नाही, दुचाकीवर तर नेऊच नये. त्यांनी शेजाऱ्याच्या टेम्पोत गादी घालून नेले. आणि ज्या सुगीसाठी थांबायचे म्हणत होते, तिची काळजी भाऊबंदांनी वाहिली. दोन घरांनी पैरा फेडून घेतला नाही.

पैशाविषयी. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात खुबा निखळणे हा विकार नावानिशी धरलेला आहे. या योजनेची पथके अंगणवाडीत व सरकारी शाळांत येतात, आशाताई नवजात बाळाला घरी येऊन पाहतात. दोष आढळल्यास पुढच्या तपासणीची व शस्त्रक्रियेची सोय सरकारी खर्चाने करण्याची तरतूद आहे. अंगणवाडीत पथक येते त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नये. रेशनकार्ड असणाऱ्यांनी आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात करावी व पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लागते का, ते दाखल होण्याआधी विचारावे. निपाणीकडची माणसे कोल्हापूर-मिरजेला जातात. त्यांनी आपले कार्ड सीमेपलीकडच्या त्या रुग्णालयात चालते का, ही खात्री फोनवरूनच करून घ्यावी. लहान मुलांच्या हाडांचे वेगळे तज्ज्ञ असतात, शक्य तर त्यांनाच दाखवावे. एक्स-रे व कागद एका पिशवीत जपून ठेवावेत, कारण मूल वयात येऊन हाडांची वाढ पुरी होईपर्यंत तपासण्या चालू राहतात. चाल सुधारली म्हणून मधल्या वर्षांत जाणे सोडू नये. उखळ पुन्हा उथळ राहिली तर ते एक्स-रेतच आधी दिसते.

ती पोर ऑक्टोबरात प्लास्टरातून सुटली. पहिले काही दिवस पाय वाळलेल्या काठीसारखे बारीक, कातडीला खपल्या, आणि ती उभी राहायला तयार होईना. घरचे घाबरून आमच्याकडे आले. डॉक्टरांनी सांगितले की हे असेच होते, तिला कोमट पाण्यात पाय हलवू द्या, जबरदस्तीने चालवू नका, ती आपणहून उठेल. भाताची मळणी चालू झाली तेव्हा ती खळ्याच्या कडेला आजीचे बोट धरून उभी होती. अजून थोडी झुकते. पुढचा एक्स-रे येत्या महिन्यात आहे.